ओढ्यात सोडलेला नारळ

फोन वाजला तेव्हा पलूसजवळच्या आमच्या नदीकाठच्या गावात पावसाची झड लागली होती. पावसात संजूचा फोन आला की आमच्या घरात त्याचा अर्थ एकच... त्यांच्या गावचा ओढा आला. म्हणून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन कानाला लावता लावताच विचारलं, "आला का रं परत?"  पलीकडून संजू म्हणाला, "मामा, आई गेली." आण्णा फोन तसाच हातात धरून पायरीवर बसले. गेली ती त्यांची थोरली बहीण, माझी आत्ती. वय झालं होतं, झोपेतच गेली, सगळं मान्य. तरी त्या दिवशीच्या पावसाचा मला असा राग आला की सांगून सोय नाही.

आत्ती कृष्णाकाठी वाढली आणि लग्न होऊन वडूजच्या पुढच्या माळावर गेली. पोरीला कोरड्यात दिली म्हणून आजी बरीच वर्षं रडायची. आमच्याकडं पाऊस म्हणजे कटकट. उसात चिखल, घरात ओल, आणि नदी किती चढली याची धाकधूक. आत्तीकडचे ढग महाबळेश्वरला सगळं ओतून रिकाम्या हातानं यायचे, आषाढ-श्रावणभर नुसते डोक्यावरून पळायचे. मग कधीतरी गणपती उठल्यावर, आला तर पाऊस यायचा, आणि ओढा धावायला लागायचा. त्या दिवशी गावात कुणी कामाला जात नसे. सगळं गाव ओढा बघायला जायचं. म्हातारी माणसं खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, बायका पोरं कडेवर मारून, सगळी फरशी पुलाच्या तोंडाला उभी. घरी परत आलं की हुलग्याचं गरमागरम माडगं, वाटीनं भुरके मारत प्यायचं. लहानपणी मी फणकारले होते, "पाणी काय बघायचं? आमच्या दारात नदी हाय." आत्ती म्हणाली, "तुमच्याकडं पाणी घरातलं हाय गं. आमच्याकडं पावणं येतंय. मग पावण्याला बघाय जायला नगो?"

तो ओढा पुढं येरळेला मिळतो, आणि येरळा खाली आमच्या तालुक्यात येऊन कृष्णेला. हे आत्तीला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण तिनं ते मनावर घेतलं. ओढा आला की ती त्याची ओटी भरायची, हळद-कुंकू वाहायची, आणि नारळ न फोडता पाण्यात सोडायची. माहेराला. पूर्वी एसटीच्या कंडक्टरकडं निरोप द्यायची, पुढं फोन आले. "बाळ्या, नारळ सोडलाय रं. नदीवर ध्यान ठिव." साठी उलटलेल्या आण्णांना बाळ्या म्हणणारी ती एकटीच. आण्णा म्हणायचे, "आक्का, मागल्या वर्साचाच अजून आला न्हाई. वाटंत कुणीतरी चटणीला घेतला बघ." "मग वाईच पुढं जाऊन उभा ऱ्हा की, आळशा!" दरवर्षी हेच भांडण, आणि दरवर्षी दोघं पहिल्यांदाच भांडल्यासारखे हसायचे. ज्या वर्षी ओढा यायचा नाही त्या वर्षी आण्णा विनाकारण सगळ्यांवर खेकसत फिरायचे.

यंदा आत्तीचं हृदय थकलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जपा, गारव्यात नेऊ नका. आता त्यांच्याकडं कॅनॉलचं पाणी आलंय, घरात नळ आहे, पण आत्तीला ते काही पटायचं नाही. "ओढा बघितल्याबिगर मी काय हालत न्हाई," एवढंच तिचं म्हणणं. आणि पाऊस तर तिकडं फिरकायला तयार नाही! आमच्या अंगणात धो धो पडायचा, आणि आण्णा दारात उभं राहून त्याला शिव्या घालायचे, "हितं काय ओततोयस? तिकडं जा की जरा!" आई म्हणायची, येड लागलंय ह्यास्नी.

एका सकाळी संजूचा फोन आला. रात्रभर लागलाय, ओढा आला. आम्ही तशीच गाडी काढली. मायणीच्या पुढं सऱ्यांतून पाणी चमकायला लागलं तशी आण्णांनी काच खाली केली आणि भिजत बसले. मी एरवी बोलले असते.

आत्ती दारातच बसली होती, पोत्याची खोळ मांडीवर तयार. संजू कावलेला. "मामा, डॉक्टरनी काय सांगितलंय ते तुमाला ठावं हाय. तुमीच सांगा तिला." सगळे आण्णांकडं बघायला लागले. आण्णा बहिणीकडं बघत होते. मग म्हणाले, "संजू, खुर्ची आण."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला ओढ्यावर नेली. पुलावरच्या बायकांनी वाट दिली. "आवं काकू, वरात काढली व्हय?" एकीनं विचारलं. "मग! बघून घ्या," आत्ती म्हणाली. कडेला उथळ पाण्यात खुर्ची ठेवली. गढूळ पाणी तिच्या पायांवरून जात होतं, वरून बारीक भुरभुर, आणि ती डोळे मिटून बसलेली. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. कुणालाच घाई नव्हती. इतका सुखाचा पाऊस मी नदीकाठी राहून कधी भोगला नव्हता.

ओटी भरून झाली. नारळ हातात घेतला, पण सोडेना. "बाळ्या, आता खरं सांग. एकदा तरी पोचला का रं?"

आण्णांनी घसा खाकरला. "पोचतोय की. दरसाल पोचतोय. तुला सांगत न्हवतो, न्हाईतर दोन-दोन सोडशील."

"चोर मेल्या!" म्हणून आत्ती ठसका लागेपर्यंत हसली, आणि नारळ सोडला. घरी येऊन दोन वाट्या माडगं प्याली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो फोन आला.

आण्णा आता रोज संध्याकाळी नदीवर जातात. गुडघे दुखतात, तरी जातात. एके दिवशी भिजून काळा पडलेला एक नारळ घेऊन आले. आई म्हणाली, "नदीत शंभर नारळ वाहत्यात. कुणाचा म्हणायचा ह्यो?"

"असंल कुणाचाबी," आण्णा म्हणाले, आणि तो खिडकीत ठेवला. त्याला कुणी हात लावायचा नाही.

दिवाळीच्या तोंडावर परत पाऊस झाला. संजूचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होते. "मामा, ओढा आलाय."

आण्णांनी खिडकीकडं बघितलं. "आक्काला सांग," ते म्हणाले, "पोचला म्हणून."

म्हणाले आणि थांबले. फोनमधून नुसता पाण्याचा आवाज येत होता.

"सांगतो, मामा," संजू म्हणाला. "पुलावरच हाय मी."