तीन तोड्यांचे हत्ती

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचाच राग येतो.

मी भिलाईत ठाणेदार होतो. जवळच्या रसमडा औद्योगिक वसाहतीतल्या एका निर्यातदाराने पाच कांस्य हत्ती चोरीला गेल्याची फिर्याद दिली. दुसऱ्याच दिवशी एका खबऱ्याने ओतकामाच्या एका कारखान्याचा पत्ता दिला. मी छापा घातला, पंचनामा केला आणि हत्तींबरोबर मालकीणबाईंनाही ठाण्यात आणले.

बाई साठीच्या. त्यांचे आजेसासरे नागपूरकडचे तांबट. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या फाउंड्रीत ड्यूटी करून सुट्टीच्या दिवशी घरी ओतकाम करत. त्यातून कारखाना उभा राहिला, तीन पिढ्या चालला. चोरीचा डाग लागला असता तर भट्टी कायमची विझली असती.

"कबूल करा, लवकर सुटाल," मी दरडावले.

"कावून कबूल करू? त्या एक्स्पोर्टवाल्याले आमच्या हत्तीवर आपला ठप्पा पायजे होता. मी नाही म्हनलं, म्हनून हे करून राहिला. बेड्या घालाच्या तर घाला!"

वरून फोनवर फोन: संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. मी रोजनामच्यात 'तपास सुरू' एवढेच लिहिले आणि हत्ती पुन्हा निरखले. पाचही हत्तींच्या मागच्या डाव्या पायात तोडाच नव्हता. बाईंना विचारले.

"आजेसासरे पयल्या हत्तीले तो तोडा घालाचा विसरले. गिऱ्हाईक हसलं. म्हातारा अडला, म्हने आता एकही हत्ती चार तोड्याचा होनार नाही. चूक माही, तेच माही सही!"

मी हत्तींवर कापड टाकले आणि फिर्यादीला बोलावून विचारले, तोडे किती?

"चार पैर, चार तोड़े. और कितने होंगे साहब?"

मी कापड काढले. तो वाकून एकेक पाय मोजू लागला. खबऱ्याही त्याचाच माणूस निघाला. दोघांवर खोट्या फिर्यादीची कारवाई केली.

कोर्टाचा हुकूम आल्यावर हत्ती न्यायला बाईंना बोलावले. त्या हात लावेनात.

"जीपमधी आनले ना? जीपमधीच पोचवा. भर दुपारी, सायरन वाजवत. नेताना मोहल्ल्यानं पाह्यलं, आनतानाही पाहू द्या."

बाईंचे खरे होते. दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर नेणाऱ्याने ती मागच्या दाराने परत करू नये, हे मला नोकरीत कोणी शिकवले नव्हते. सायरन लावला. बाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या.

सायरनच्या गैरवापराबद्दल वरून खुलासा मागवला गेला. मी लिहिले, "चोरी आमच्या हातून झाली होती. मुद्देमाल परत करायला गेलो होतो."