चुन्याचे ठिपके

"बायकांच्या हातचं काम, म्हणून असं झालं," रघुराम तिसऱ्यांदा म्हणाला. "तीनशे मीटरवर गोळी हातभर उजवीकडे! रायफलवर दुर्बीण नीट बसवलीच नव्हती तुम्ही, वहिनी. क्लबात मी तेच सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

महालक्ष्मीने सांबाराखालचा गॅस बंद केला. "कोणाकोणाला सांगितलं, भाऊजी?"

"सेक्रेटरींना. गिरीधरला. विचारलं त्या प्रत्येकाला."

म्हणून गिरीधरचा सकाळी फोन आला होता तर. 'अक्का, माझ्या रायफलची दुर्बीण इतक्यात नको बसवायला, बघू पुढे.' काल रघुराम मॅच हरला आणि आज तिचं नाव खराब झालं.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं ती दुर्बिणीच जुळवत आली होती. दिराने हौसेने लांब पल्ल्याची रायफल घेतली आणि पहिल्याच महिन्यात स्क्रू आवळून आवळून दुर्बिणीची नळी चेपली. तेव्हा "द्या इकडे" म्हणून तिने ती हातात घेतली, त्याला नऊ वर्षं झाली. कपडे वाळत घालायच्या दोरीला ओळंबा टांगायचा, दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्याशी जुळवायची, मग दुर्बीण रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि कड्यावर मिळून एक ठिपका. तिची आई तंजावरी चित्रं करायची. चित्रातले दागिने उठून दिसावेत म्हणून ती चुनखडी आणि डिंकाचा लगदा घालायची, त्याच लगद्याचा हा ठिपका. वाळला की दगडासारखा, पण स्क्रू केसभर जरी फिरला तरी तडकणार.

"वहिनींनी बंदुकीलाही कोलमची रांगोळी काढलीय," असं म्हणून रघुराम हसायचा. ठिपका कशासाठी, हे त्याने नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मग इरुंगाट्टुकोट्टैच्या पलीकडच्या नेमबाजीच्या रेंजवर वाळूच्या पिशवीमागे पालथी पडून तीच तीन-तीन गोळ्या झाडायची, भोकं बघायची, क्लिक मोजत दुर्बिणीवरच्या नेम सरकवणाऱ्या चकत्या फिरवायची, पुन्हा तीन झाडायची. शेवटची तीन भोकं एकमेकांना चिकटून पडली की रायफल दिराच्या हातात. दिवाणखान्यातल्या सातही कपांवर नाव रघुरामचं.

"पेटी आणा," ती म्हणाली.

"कशाला?"

"लायसन्स तुमचं, किल्ली तुमची. आणा म्हणतेय ना."

त्याने पेटी आणून उघडली, रायफल रिकामी असल्याचं दाखवलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. महालक्ष्मीने चष्मा लावून वाकून पाहिलं. पुढच्या कड्यावरचे चारही ठिपके तडकले होते. मागच्या कड्यावर नुसती पांढरी भुकटी उरली होती.

"हे स्क्रू कोणी सैल केले?"

"गाडीत हादरे बसले असतील," रघुराम म्हणाला.

कोपऱ्यात शेंगा निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "शुक्रवारी तूच स्क्रूची किल्ली घेऊन बसला होतास की रे, नवा चष्मा लावून. मला वाटलं, आयुधपूजा आत्ताच करतोय की काय!"

रघुराम चपापला. "नव्या चष्म्यातून कडेला काळं दिसत होतं. दुर्बीण अर्धा इंच मागे घेतली आणि परत आवळली. एवढ्याने काय होतं?"

"एवढ्याने हातभर उजवीकडे जाते."

मग तिच्या नवऱ्याने, सेतुमाधवने, वर्तमानपत्र खाली ठेवलं. "जाऊ दे, लक्ष्मी. घरातलं घरात राहू दे."

"माझं नाव घरात खराब झालं, की क्लबात?"

"वहिनी, आता सेक्रेटरींना कसं सांगू? माझी काय शोभा राहील?" रघुरामचा आवाज एकदम गोड झाला. "फेब्रुवारीच्या खुल्या मॅचला तुम्ही परत झीरो करून, नेम जुळवून द्या. मी कप आणतो. लोक विसरतील सगळं."

महालक्ष्मीने दुर्बिणीच्या बाजूच्या चकतीवर बोट ठेवलं. दहा क्लिक डावीकडे, की तीनशे मीटरवर गोळी वीतभर सरकते. तो पडून राहील, श्वास रोखेल, घोडा दाबेल, आणि पुन्हा पुन्हा डावीकडेच मारेल. कुणाला कळणारही नाही. तो विचार तिने जिभेवरच्या खडीसाखरेसारखा सावकाश विरघळू दिला. पण मग तो काल क्लबात जे बोलला, ते खरं ठरलं असतं. शिवाय तो का हरला, हे त्याला कधी कळलंच नसतं. त्याला ते कळायला हवं होतं, आणि सगळ्यांसमोर.

तिने चकतीवरचं बोट उचललं, चष्मा काढून पुसला आणि ताटं मांडायला घेतली. सांबार वाढताना ती म्हणाली, "फेब्रुवारीच्या मॅचला मी उद्या नाव देतेय. क्लबची रायफल घेणार, दुर्बीण मी बसवणार. लेन भाऊजींच्या शेजारची मागणार आहे. त्यांची दुर्बीण यापुढे त्यांनीच बसवायची."