खतखड्ड्याची जागा

मित्रांनो, आज दुपारच्या बैठकीत जे झालं ते कॉलेजच्या फळ्यावर लावतोय. कुणी फाडायच्या आत वाचा.

मेसचं खरकटं आणि आवारातला पालापाचोळा फेकण्यापेक्षा कुजवून खत करायचं ठरलं. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून पहिला हात मीच वर केला. मग जागेचा विषय निघाला. बैठक घेणाऱ्या सरांनी नकाशात पूर्वेच्या कुंपणावर बोट ठेवलं. "वारा पश्चिमेकडून, मुळशी धरणाकडून येतो. इथे खड्डा घेतला, तर कुणालाच वास येणार नाही."

मी म्हणालो, "सर, कुंपणापलीकडे आमची बौद्धवस्ती आहे. माझं घर तिथंच आहे."

"मग उत्तमच! लक्ष ठेवायला तू आहेसच."

सगळे हसले. ठराव मंजूर.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती स्टोव्हला पंप मारत होती, थांबलीही नाही. "गावानं बी वारा बघूनच आपल्याला हितं बसवलं हुतं. तुज्या कॉलेजानं नवं काय केलं?"

सोमवारी श्रमदानाला कुदळ घेऊन येणार आहात ना? खणता खणता एकदा मान वर करून कुंपणापलीकडे बघा आणि मला सांगा, सर 'कुणालाच' म्हणाले तेव्हा त्यात आम्ही होतो का?