गॅलरीतली खडूची होडी

मागच्या हिवाळ्यात आमच्या दादरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, तीन-चार आठवडे एक आकृती खडूने काढलेली होती. दहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. ती मी काढली होती. माझी चित्रकला शाळेपासूनच बेताची, त्यामुळे ती होडीपेक्षा भेंडीसारखी जास्त दिसत होती.

शेजारच्या काकू पहिल्याच सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन तिच्यासमोर थबकल्या.

"काय हो, रांगोळी म्हणायची की पंचनामा?"

"कयाक आहे, काकू. छोटी होडी. एकट्यानं वल्हवायची, बसून मासे पकडायचे."

काकूंनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. खाली रस्त्यावर दोन टॅक्सी आणि एक टेम्पो उभा होता. "इथे?" एवढंच विचारून त्या दूध घेऊन आत गेल्या.

होडी माझ्यासाठी नव्हती. सासऱ्यांसाठी होती. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या कारकुनांचं. पाण्याशी संबंध आला तो फक्त नळ कधी येतो एवढ्यापुरता. पण बायको वरळीच्या कोळीवाड्यातली आणि तिचे बाबा तांडेल. म्हणजे बोटीवरचे मुख्य. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, हे तांडेल सांगणार आणि बाकीचे खलाशी ऐकणार. पन्नासेक वर्षं त्यांनी हे केलं. मग दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि बोट विकली. कोळीवाड्यातल्या घरी माळ्यावरच्या खोलीत जायला लोखंडी शिडी, म्हणून ते आमच्याकडे राहायला आले. आमचा जिना जुना असला तरी रुंद आहे, त्याला कठडा आहे, आणि व्यायाम करून घेणारी बाई परळला, जवळच.

गुडघे सुधारले. माणूस मात्र गप्प होत गेला. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे ते जेवायलाच उठायचे. एके काळी बाजारात पापलेट लांबून बघून "कालचा हाय" म्हणणारा हा माणूस. आता बायको विचारायची, "बाबा, आज काय आणू?" तर म्हणायचे, "आण काय पण." एकदा तिने मुद्दाम शिळा बांगडा आणला. त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाठ करून बराच वेळ भांडी घासत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, समुद्र नको, बोटीवर चढउतार नको, बसून काय करायचं ते करा. म्हटलं, बसून करायचं काम तर मला येतं.

म्हणजे काय, पन्नाशी ओलांडल्यावर मला गळाने मासे धरायचा नाद लागला होता. ऑफिसातले आम्ही तिघे-चौघे कधीमधी रविवारी कर्जतच्या बाजूला नदीवर जायचो. सगळं शिक्षण मोबाईलवर व्हिडिओ बघून. दोन वर्षांत मी एकच मासा घरी आणला, कंगव्याएवढा. सासऱ्यांनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"जावईबापू, याची आई शोधत असंल याला."

ते वाक्य मला लागलं नाही. उलट बरं वाटलं, कारण त्या महिन्यात त्यांनी स्वतःहून बोललेलं ते एवढंच. तेव्हाच ठरवलं की यांना पाण्यावर न्यायचं. समुद्र नाही तर नदी, नाहीतर एखादा लहान तलाव. आपली छोटी होडी असेल तर कुणाच्या बोटीत पाहुणा म्हणून बसायला नको. स्वतःचं स्वतः निघाले, गळ टाकला, शांत बसले. मला अगदी चित्र दिसत होतं.

मग मी अभ्यासाला लागलो. कारकुनाचा अभ्यास म्हणजे वही आली, रकाने आले. आखूड होडी नदीच्या वळणांवर पटकन वळते, पण तलावात वारा सुटला की नाक भरकटवते. लांब होडी सरळ जाते, पण वळताना रुसते. अरुंद पळते, रुंद झोपून असते. वजन, हलकं हवं. जिन्याच्या वळणावर कपडे वाळत घालायच्या काठ्या जोडून फिरवून पाहिल्या: दहा फूट फिरतं, अकरा फिरत नाही. त्यात काठीला बायकोची साडी होती, तीही फिरली आणि जिन्यातल्या दिव्याला जाऊन लटकली.

हे सगळं मी सासऱ्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवायचो. एक स्थिरता बसल्या बसल्या जाणवते, दुसरी होडी कलल्यावर कळते, दोन्ही वेगळ्या, वगैरे. नातवाने पाढे म्हणावेत आणि आजोबांनी मान डोलवावी तसं ते ऐकायचे. शेवटी एक दिवस म्हणाले,

"हे सगळं बरोबर हाय. पण बसायचं कसं आन् उठायचं कसं?"

वहीत हा रकानाच नव्हता.

म्हणून ती खडूची होडी. मध्यभागी मी जेवायचा पाट ठेवला, कारण व्हिडिओतल्या होड्यांची बैठक तेवढ्याच उंचीची होती. सासरे एका हाताने कठडा धरून, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून पाटावर बसले. पाय पुढे पसरले. समोरच्या इमारतीकडे बघून म्हणाले, "ठीक हाय." मग उठायला गेले आणि उठता येईना. मी ओढलं. काकू धावत आल्या, त्यांनी ढकललं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून त्यांना उभं केलं तेव्हा बायको दारात उभी होती.

"गॅलरीत ही दशा. पाण्यात कोण ढकलणार, काकू?"

"मी येते की," काकू म्हणाल्या. "डबा घेऊन येते."

"थट्टा नाही हं काकू." मग ती माझ्याकडे वळली. "अरे, बाबांना काही झालं ना, तर तू आणि तुझी भेंडी दोघंही घराबाहेर!"

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: बैठक उंच. आणि दोनदा अधोरेखित केलं.

पंधरा दिवसांनी उंच बैठकीची होडी सापडली. लोअर परळला, जुन्या मिलच्या आवारातल्या एका गोदामवजा दुकानात. आम्ही दोघं टॅक्सीने गेलो. भिंतीवर रंगीबेरंगी होड्या सुरमईसारख्या ओळीने लटकवलेल्या. मी निवडलेली खाली उतरवून जमिनीवर ठेवली होती. हिरवी, रुंद, खुर्चीसारखी उचललेली बैठक, बाजूला गळाची काठी खोचायला नळ्या, मागे मासळीचं खोकं ठेवायला जागा. दहा फुटांच्या आतली. वहीतल्या सगळ्या रकान्यांत बसणारी.

सासऱ्यांनी आधी चपला काढल्या. दुकानातला तरुण म्हणाला, "असू दे काका, डिस्प्ले पीस आहे."

"होडी हाय ना?" एवढंच म्हणून ते अनवाणी आत शिरले. बसले. बाजूंवरून हात फिरवला. मग कशालाही हात न लावता उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. मला गोदामात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"बाबा, घ्यायची?"

"चांगली हाय."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. इस्पितळात खिचडी कशी आहे म्हणून नर्सने विचारलं होतं, तेव्हा असंच "चांगली हाय" म्हणाले होते. मी वही चाळायला लागलो. काय राहिलं? रंग? वल्हं?

ते पुढे-मागे वळून बघत होते. मग त्या तरुणाला म्हणाले,

"दुसरा माणूस कुठं बसतो?"

"दुसरा नाही काका, सिंगल सीटर आहे. एकट्यानं जायचं, निवांत. आवाज नाही, कटकट नाही."

"मग बोलायचं कोनाशी?"

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

"होडीत एकटा कोण जातो?" सासरे म्हणाले. रागाने नाही, खरोखर न समजल्यासारखे. "पन्नास वर्षं गेलो दर्यात. एक दिस एकटा नाय गेलो. घरी बसतो तो एकटाच तर बसतो."

अठ्ठावीस वर्षं मी चाळीस टेबलांच्या ऑफिसात बसलोय. दहा बिऱ्हाडांच्या गॅलरीत राहतोय. कुणी बोलायला येणार नाही अशी एखादी जागा असावी, हे स्वप्न मी प्रत्येक कंटाळवाण्या मीटिंगमध्ये पाहिलेलं आहे. ते स्वप्न मी उचललं, त्याला उंच बैठक लावली आणि सासऱ्यांसाठी मापून ठेवलं. ज्या माणसाला गॅलरीतल्या खुर्चीत एकटेपणाचा कंटाळा आला होता, त्याला मी नदीवर नेऊन आणखी एकटं बसवणार होतो. वर फुशारकीने अधोरेखित करून.

"दोघांची दाखवा," मी म्हणालो.

दोघांची कडक होडी तेरा फुटांची निघाली. आमच्या जिन्याचं वळण डोळ्यांपुढे आलं, काठ्या आणि साडीसकट. मग तरुणाने कोपऱ्यातून पिशवी ओढत आणली आणि पंपाने हवा भरून एक करडी, बसकी, म्हशीसारखी होडी आमच्यासमोर फुगवली.

"हवेची?" सासरे म्हणाले. "गळ लागला तर फटाका!"

"नाही काका, कापड जाड आहे. आणि आत कप्पे वेगवेगळे आहेत. एक गेला तरी बाकीचे धरतात." त्याने तळावर उभं राहून उड्या मारून दाखवल्या. सासऱ्यांनी वाकून बोटांच्या पेरांनी तळावर टकटक केलं. नारळ निवडताना करतात तसं. तळ फळीसारखा वाजला.

"टणक हाय," म्हणाले. मग तिच्याबरोबरच्या मऊ बैठकींपैकी मागची काढून बाजूला ठेवली. दुकानात मासळीसाठी ठेवायचं प्लास्टिकचं खोकं होतं, ते उचलून मागच्या जागी ठेवलं आणि त्यावर बसले. गुडघ्याएवढी उंची. माझ्या सगळ्या वहीत जे जमलं नव्हतं ते एका खोक्यात झालं. "आमी बोटीवर बर्फाच्या पेटीवरच बसायचो," असं सांगून त्यांनी मला पुढची जागा बोटाने दाखवली. "बसा बघू."

मी बसायला गेलो.

"आधी चपला काढा, जावईबापू."

पुढच्या रविवारी कर्जतकडच्या एका लहान तलावावर आम्ही गेलो. बायकोही आली, बाबांवर नजर ठेवायला. तिने हळदकुंकू, फुलं आणि नारळ आणला होता. नव्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, पण हवेच्या होडीवर तो फुटणार कसा? सासऱ्यांनी होडीला हळदकुंकू लावलं आणि नारळ काठावरच्या दगडावर फोडला. "हिच्यावर मारला असता तर माझ्याच कपाळात आला असता," म्हणाले, आणि हसले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने ते हसणं ऐकून किती महिने झाले होते, ते मला विचारायची गरज नव्हती.

तिने दोघांच्या तरंगत्या जॅकेटांचे पट्टे ओढून ओढून आवळले. होडी काठाला चिकटवून मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, आणि बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून खोक्यावर बसले. मी पुढे चढलो. मागून त्यांनी एका वल्ह्याने काठ ढकलला आणि आम्ही सुटलो.

मग सुरू झालं.

"वल्हं खोल नको घालू. ढवळतोयस काय, सार हाय का ते?"

"बाबा, व्हिडिओत असंच—"

"व्हिडिओ घरी! डाव्या अंगाला. डाव्या! अरे, डावा हात कुठला तुझा? जेवतोस कुठल्या हातानं? त्याच्याहून दुसरा!"

काठावरून बायकोचं हसणं पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होतं. तासभर मला झाडूनपुसून काढण्यात आलं. माझा गळ दोनदा माझ्याच टोपीत अडकला. एका वळणावर बगळे बसले होते तिथे बाबा एकदम गप्प झाले, हात वर केला, आणि मीही वल्हं आत घेऊन गप्प बसलो. मग हळू आवाजात म्हणाले, "तिथं टाक. त्या झाडाच्या सावलीच्या कडेला." मी टाकला. काही लागलं नाही. "नसल तर नसल," म्हणाले, आणि त्यांच्या तरुणपणी जाळ्यात पूर्ण रात्र काही न आल्याची एक लांबलचक हकीगत सांगायला लागले. पाचही खलाशांची नावं, कोण काय म्हणाला, कुणी कुणाला शिव्या दिल्या, सगळं. मी पाठमोरा बसून ऐकत होतो. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि मान वळवायची परवानगी नव्हती, होडी डोलते म्हणून.

मासा आला तो परतताना. कंगव्यापेक्षा थोडा मोठा. "आईबरोबर नाय, पण मावशीबरोबर आला असंल," असं म्हणून त्यांनी तो परत सोडला.

सोमवारी सकाळी ते बायकोबरोबर काठी टेकत बाजारात गेले आणि दोन टोपल्यांना नाकं मुरडून तिसरीतून बोंबील घेऊन आले. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर गॅलरीत खडूची भेंडी ओल्या फडक्याने पुसून नवी काढलेली होती. जास्त रुंद, जास्त लांब, आणि खरोखर होडीसारखी. मागच्या टोकाला बाबांची खुर्ची, पुढच्या जागी पाट.

काकू दारात उभ्या होत्या. "मग, कसा काय तुमचा जावई पाण्यात?"

"खलाशी कच्चा हाय," बाबा म्हणाले. "पण रविवारी परत नेनार हाय मी त्याला. तवर तयार करतो." आणि मग माझ्याकडे वळून: "चपला काढ. पाटावर बस. तो झाडू घे हातात."

मी ऑफिसची बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि झाडू घेतला.