चपला मोजणाऱ्या सिस्टर

इंदू सिस्टर कुणाच्या घरी आल्या की आधी माणसांकडं बघत नसत. उंबऱ्याबाहेर थांबून चपला मोजत. मोठ्या किती, लहान किती, कुठल्या जोडाचा अंगठा तुटलाय, कुठल्या टाचेला खिळा मारलाय. मग लसीचा तो निळा डबा खांद्यावरून उतरवत आत यायच्या आणि म्हणायच्या, "पाच लेकरं अन् चपला तीनच जोड. दोघं अनवाणी हिंडायलेत व्हय गं?" घरातली बाई लाजायची, म्हातारी चिडायची. पण खोटं कुणाला बोलता यायचं नाही. चपला दारातच असायच्या.

आमचं गाव कळंबपासून बारा किलोमीटर. शाळेच्या मागं दोन खोल्यांचं उपकेंद्र, तिथं त्या नर्स होत्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. बोलणं पुरुषासारखं मोकळं. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं गल्लीतून जाताना त्या कुणाचाही कान धरायच्या. "तुला म्या उलटा धरून रडवलाय, माझ्याफुडं मिशी पिळू नको." त्यांच्या स्वतःच्या पायात मात्र वर्षानुवर्षं एकच जोड. तपकिरी चामड्याचा, पट्टा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. कुणी चेष्टा केली की म्हणायच्या, "मला लेकरू एकच, म्हणून एवढा तरी परवडला."

मी लग्न होऊन त्या गावात गेले. माहेरी आम्ही चार भावंडं. दोघा भावांच्या फीला पैसे पुरावेत म्हणून मला आठवीतून काढलेलं. त्याचा राग मी कुणावर धरला नाही, पण शाळेची घंटा वाजली की हातातलं काम थांबायचं. मालक ढोकीला कारखान्यावर सीझनला असायचे. घरात मी, सासू आणि थोरली प्राजक्ता. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. दुसरी मुलगी झाली तेव्हा घरात पाळण्याचं कुणी नाव काढेना.

त्या आठवड्यात सिस्टर आल्या. दारात थांबल्या, मोजल्या, आत आल्या.

"आत्याबाई, तोंड का पाडलंय?"

"काय करावं शिस्टर, दुसरी बी पोरगीच. आता तिसऱ्याला तरी देव बघंल."

"देव लेकराकडं बघंल. चपला कोण बघंल? एका लेकराला वर्षाला दोन जोड. पहिलीपास्नं पंधरावीपतूर धरा, तीस जोड झाले. फीचं, वह्यांचं मी बोलतच न्हाय. नुसतं पायाचं बोलायले."

"पोरगं कमवून आणतंय, शिस्टर. पोरगी घेऊन जाती."

"आसं? अंगावरचं लुगडं कुणी आणलं?"

आत्याबाई पदर सारखा करायला लागल्या.

"सांगा की."

"लेकीनं. दिवाळीला."

"अन् पोरानं काय आणलं?"

"पोरानं सून आणली की!" आत्याबाईही काही कमी नव्हत्या.

सिस्टर खो खो हसल्या. "मग ती तरी जपून वापरा, माय. दुसरी आणायची म्हणलं तर महाग पडंल."

ते लुगड्याचं त्या प्रत्येक म्हातारीला विचारायच्या. अंगावरचं कुणी आणलं? दहातल्या आठजणी लेकीचं नाव घ्यायच्या. सिस्टर मग नुसत्या डब्याचं झाकण लावायच्या.

जाताना त्यांनी मला मागच्या दाराशी घेतलं. "तुला किती शिकायचं हुतं गं, सुनंदे?"

"दहावीतरी."

"मग आता तूच ठरव. दोघींना पंधरावी, का तिघांना आठवी?"

मला कुणी आजवर असं काही ठरवायला सांगितलंच नव्हतं. मी भीत भीत म्हटलं, "उद्या कुणी काय बोललं तर?"

"मी हाय ना. माझं दार उघडं हाय तुला."

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "तुझं तू बघ." मी बघितलं. फेब्रुवारीत कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं शिबिर होतं, सिस्टर स्वतः मला घेऊन गेल्या, परत आणून सोडलं, आठ दिवस रोज टाका बघायला आल्या. सीझन संपवून मालक घरी आले तेव्हा आत्याबाईंनी काय सांगितलं ठाऊक नाही. ते अंगणात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी कवा व्हय म्हणलो? मला इचारलं बी न्हाय हिनं."

दीड वर्षानं त्यांनी दुसरी केली. नात्यातलीच. बैठक बसली तेव्हा माझ्या माहेरचं कुणी आलं नाही. भावाची परीक्षा होती. सिस्टर आल्या. दहा-पंधरा पुरुषांत एकट्या बाई, कुणी बसा म्हणेपर्यंत बसल्याही. एकेकजण माझं कसं चुकलं ते सांगत होता. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं. ह्या दोन पोरींच्या पायांत चपला कोण घालणार, तेवढं बोला. बाकीचं मला उमगत न्हाय." मालक जमिनीकडं बघत होते. तेव्हा सिस्टर उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल गं. इथं पाय असणारी माणसंच न्हाईत."

त्यांची एक मावसबहीण नाशिकला मुलींच्या वसतिगृहात होती. स्वयंपाकघरात बाई हवी होती. धाराशिवच्या स्टँडवर सिस्टर आम्हाला बसवून द्यायला आल्या. गाडीला वेळ होता. त्या समोरच्या दुकानात गेल्या आणि दोन्ही पोरींना चपला घेऊन आल्या. धाकटीचा पाय आत फिरत होता. मी म्हटलं, "मोठ्या होतायत, सिस्टर." त्या म्हणाल्या, "एक बोट मोठीच घ्यावी. लेकरू काय तिथंच थांबतंय व्हय?" गाडी सुटली तेव्हा त्या रडल्या नाहीत. फलाटावर आमच्या पायांकडं बघत उभ्या होत्या.

नाशिकला मी अठरा वर्षं आहे. पहाटे दीडशे पोळ्या, संध्याकाळी दीडशे. पहिली पाच-सहा वर्षं प्रत्येक फोनला वाटायचं, कामावरून काढलं, पोरींना कुणी घेऊन गेलं, काहीतरी झालं. तेव्हा मी सिस्टरना फोन लावायचे. त्या विचारायच्या, "पोरींच्या पायाचा नंबर कितीवर आला?" मी सांगायचे. "मग वाढायल्यात की. रडायचं काय त्यात?" माझ्या घरात देवाच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो नव्हता इतकंच. प्राजक्ता नर्सिंगला गेली ती त्यांचं बघून. धाकटी आता पंधरावीला आहे.

प्राजक्ताला नोकरी लागली, पहिला पगार झाला. तिनं मला न विचारता मोरपंखी साडी आणली. मला वाटलं माझ्यासाठी. म्हणाली, "तुला पुढच्या महिन्यात. ही सिस्टर आजींना." मला इतका आनंद झाला की मी दोन दिवसांची रजा मागितली. अठरा वर्षांत दुसरी रजा.

सिस्टर निवृत्त होऊन धाराशिवला राहायला गेल्या होत्या. मुलाचं मेडिकल, सून वर्षा, दोन नाती, एवढं मला फोनवरून माहीत होतं. अलीकडं दोन-तीन वर्षं फोन कमीच झाले होते. रिक्षातून उतरले. वाटेत सगळं ठरवलं होतं. साडी हातात द्यायची आणि विचारायचं, सिस्टर, आता सांगा, अंगावरचं कुणी आणलं?

दाराशी आले. घंटीवर बोट ठेवण्याआधी मी चपला मोजल्या. सवय त्यांचीच. मुलाच्या सँडल. वर्षाच्या असाव्यात अशा झिजलेल्या स्लिपर. सिस्टरचा तो तपकिरी जोड, काळ्या दोऱ्याचा. शाळेचे काळे बूट दोन जोड, त्यातल्या एकाचा पुढचा भाग उघडलेला, अंगठा दिसेल इतका. आणि त्या सगळ्यांच्या वर, वेगळ्या पाटावर, बोटाएवढे लाल बूट. टाचेत दिवा लागतो तसले. कोरे करकरीत.

शेजारचं लेकरू आलं असेल, असं मी मनाला सांगितलं.

सिस्टरनीच दार उघडलं. कडेवर दोनेक वर्षांचं पोर. "सुनंदे! ये, ये. हा बघ आमचा राजा. तिसऱ्या खेपेला ऐकलं गं देवानं."

मी बसले. पाणी प्यायले. पेढा हातात आला, तो तसाच धरला. ते वाक्य मी आत्याबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. शेवटी माझ्या तोंडून निघालंच, "सिस्टर, तुम्ही तर म्हणायचात..."

"काय म्हणायचे?"

"तीस जोड."

त्या हसल्या. अगदी मोकळ्या, नेहमीसारख्या. "अगं, ती ड्युटी हुती. ड्युटीतलं बोलणं कुणी घरी आणतंय का? मेडिकल कुणाच्या नावावर करायचं मग?"

मी साडी काढून दिली. म्हटलं, प्राजक्ताच्या पहिल्या पगाराची. त्यांनी पोत बघितला, "झकास हाय गं," म्हणाल्या आणि पिशवीसकट टीव्हीवर ठेवली. मग माझ्याजवळ सरकून खालच्या आवाजात, अगदी मायेनं, मागच्या दाराशी बोलल्या होत्या तशाच बोलल्या, "पण तू आपलं म्हातारपणाचं बघून ठेव. पोरीचा पगार काय, लगीन झालं की तिकडं. तुला पुढं कोण?"

मला तो प्रश्न नवीन नव्हता. आत्याबाईंनी विचारला होता, मालकांनी विचारला होता, माझ्या आईनं विचारला होता. तिघांनाही उत्तर द्यायचं बळ मला ज्या बाईनं दिलं होतं, तिनंच आता विचारला.

मी कप ठेवायच्या निमित्तानं आत गेले. वर्षा ओट्याला पोट टेकवून उभी होती. तिन्ही वेळा सिझर झालेलं. डॉक्टर तिसऱ्याला नको म्हणाले होते, तिनं आपणहून सांगितलं. थोरलीची इंग्रजी शाळा औंदा बंद केली, तेही सांगितलं. राजाला पुढच्या वर्षी नर्सरीत घालायचं आहे, तिथली फी जास्त आहे.

मी म्हटलं, "अगं, तू बोलली का नाहीस? मला तर त्यांनीच..."

ती भांडं घासत होती, ते थांबवलं नाही. "तुम्हाला सांगायला सिस्टर हुत्या, ताई. मला सासू हुती."

परतीच्या गाडीत मला एकाच गोष्टीनं छळलं. शिबिर फेब्रुवारीत होतं. मार्च महिना आला की सिस्टरना ऑपरेशनच्या केसेस कमी पडतात म्हणून साहेब बोलायचे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मी काय होते? सुनंदा होते, की राहिलेली एक केस? माझ्या पोरींचं मला एका क्षणासाठीही वाईट वाटलं नाही, वाटणारही नाही. पण ज्या शब्दावर मी घर सोडलं, नवरा सोडला, तो शब्द बोलणाऱ्या बाईलाच खरा वाटत नव्हता? अहमदनगर मागं पडेपर्यंत मी हेच घोळवत होते. मग स्टँडसमोरचं ते दुकान आठवलं. एक बोट मोठ्या चपला. त्या कुठल्या ड्युटीत बसतात? बैठकीत येऊन बसणं कुठल्या ड्युटीत बसतं? राग धरावा तर चपला आठवतात, माया धरावी तर वर्षाचं पोट आठवतं.

घरी आले तर प्राजक्ता विचारते, "आजींना आवडली का?" मी म्हटलं, "लगेच नेसल्या." आयुष्यात तिच्याशी मी बोललेलं हे पहिलं खोटं. त्यानंतर सिस्टरचे फोन आले. दोनदा उचलले, पायाचे नंबर सांगितले, ठेवले. तिसऱ्यांदा आला तेव्हा पोळ्या लाटत होते, वाजू दिला. नंतरही वाजू दिला.

यंदा उन्हाळ्यात वर्षाचा फोन आला. सिस्टर गेल्या. झोपेतच. मी जाऊ शकले नाही. खरं म्हणजे जाता आलं असतं. महिन्याभरानं तिचा पुन्हा फोन. कपाट आवरत होती.

"ताई, तुमची ती मोरपंखी साडी तशीच हाय. पिशवीतनं काढलीच न्हाय त्यांनी. परत पाठवू का?"

पलीकडं राजाच्या बुटाचा आवाज येत होता.

"परत नको," मी म्हटलं. "तू नेस."

"मी? आवं, ती आईंची..."

"माझ्या लेकीच्या पगाराची आहे. कुणी विचारलं अंगावरचं कुणी आणलं, तर तसं सांग. आणि तुझ्या थोरलीला ऐकू जाईल असं सांग."

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला. दारात उभी होती, निऱ्या जरा वर गेलेल्या, चेहरा अवघडलेला. रंग तिला शोभत होता. मी फोटो बोटांनी मोठा केला आणि तिच्या पायांपाशी नेला. लाल बूट पाटावर होते. शाळेच्या काळ्या बुटांपैकी फाटका जोड गेला होता, तिथं नवा आला होता, चांगला एक बोट मोठा दिसत होता. आणि भिंतीला लागून, कुणी उचलून टाकायला न धजावलेला, काळ्या दोऱ्याचा तपकिरी जोड.

मी सगळे मोजले. त्यांचाही धरला.