बावखलाकाठच्या आठ पेट्या

आशालता राऊतांच्या सायकलच्या कॅरिअरवर सकाळी भाजीचा हारा असतो आणि दुपारी उन्हावर अन्न शिजवायची सोलर पेटी. गिरीजहून वसईच्या बाजारात त्या वर्षानुवर्षं सायकलनेच जातात. वय पंचावन्न. रिक्षावाले थांबून विचारतात, बाई मान हलवतात आणि पुढे निघून जातात.

सोलर पेटीचं वेड त्यांना सहा वर्षांपूर्वी लागलं. तेव्हा सगळी आळी हसली, आणि हसण्यासारखंच होतं ते. गिरीजच्या वाडीत माडांची आणि केळींची एवढी सावली की उन्हाचा कवडसा अंगणात पाच मिनिटं टिकत नाही. त्यांचे धाकटे दीर दिवाकर म्हणाले होते, आता या चुलीसाठी माड तोडायचे का? बाईंनी पेटी सायकलवर चढवली आणि ऊन जिथे होतं तिथे, म्हणजे वाडीतल्या जुन्या तळ्यापाशी, बावखलाच्या काठी नेऊन ठेवली. पाण्यावर झाड उगवत नाही, म्हणून तिथे आभाळ मोकळं. तिथे डाळ शिजली. पुढे होळी गावातल्या बायकाही त्यांच्याकडून शिकल्या.

राऊतांच्या घरात एक रीत आहे. घरच्या लग्नाला घरचंच लाकूड. एरवी गॅसवर जेवणारं हे घर हळदीचं जेवण मात्र वाडीतलं झाड तोडून चुलीवर रांधतं. लग्नं होत गेली, झाडं कमी होत गेली. आता दिवाकरच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न एप्रिलमध्ये ठरलं, तेव्हा तोडण्याजोगी एकच चिंच उरली होती. आशालताबाई नवी नवरी म्हणून आल्या त्या दिवशी तिच्याच सावलीत बसल्या होत्या. लाकूड वाळायला हवं, म्हणून दिवाकरनी डिसेंबरातच हरेश्वर लाकूडतोड्याला सोमवार देऊन टाकला.

आदल्या रविवारी साखरपुडा होता, दोन्ही घरची मिळून तीस माणसं. त्याच्या चार दिवस आधी बाई दिरासमोर उभ्या राहिल्या. साखरपुड्याचं जेवण उन्हावर झालं तर हळदीचंही होईल, मग चिंच राहू द्या, एवढंच त्यांनी मागितलं. दिवाकर हसून हो म्हणाले. बाई हरणार याची त्यांना खात्रीच होती.

शनिवारी बाईंनी होळीहून सायकलवर सात पेट्या आणल्या, एकेका खेपेला एक. घरची धरून आठ. रविवारी साडेनऊला भात, वाल, भोपळ्याची भाजी असं सगळं काळ्या डब्यांत भरून बावखलाच्या काठी मांडलं आणि त्या पाहुण्यांच्या चहाकडे वळल्या. तिथेच चूक झाली.

राऊतांच्या घरची बाई शिजतं अन्न हलवल्याशिवाय राहू शकत नाही. जाऊबाई चंद्रकांता प्रेमानेच गेल्या, पेटीचं काचेचं झाकण उघडलं, वाल हलवले. मग दुसरी गेली, तिसरी गेली. प्रत्येकीनं झाकण उघडलं, वाफ गेली, आणि ऊब गेली. बारा वाजता बाईंनी भाताचं शीत दाबून पाहिलं तर खड्यासारखं कडक.

त्यांना क्षणभर रडू आलं. मग त्यांनी पदर खोचला, स्टूल आणून पेट्यांच्या मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना हात जोडून घरात पाठवलं. चंद्रकांताला मात्र जवळ बसवून ऊन सरकेल तशी पेटी कशी फिरवायची ते शिकवलं. माडांची सावली काठावर येऊ लागली तशा दोघींनी आठही पेट्या उचलून उन्हाकडे नेल्या. एकदा नाही, तीनदा. मुलाकडची मंडळी घड्याळ बघू लागली, दिवाकर दोनदा येऊन गॅसचं विचारून गेले. बाई पेट्या फिरवत राहिल्या.

अडीच वाजता काच उघडली. भात मोकळा, वाल मऊ.

मुलाच्या आजोबांनी दुसऱ्यांदा वाल मागून घेतले आणि आचारी कुठला म्हणून विचारलं. पंगतीत हरेश्वरही होता, उद्याची वेळ पक्की करायला आलेला.

"आमच्या वयनींनी रांधलंय," दिवाकर म्हणाले. "एक काटकी जाळली नाय." मग हरेश्वरकडे वळले. "करवत घरीच ठेव. उन्नतीची हळद चिंचेखालीच लावू."

आशालताबाई काठावर रिकामे डबे पुसत होत्या. त्या अजून जेवल्या नव्हत्या. दिवाकर उठले, आत गेले आणि ताट वाढून घेऊन आले. आयुष्यात त्यांनी कुणाला ताट वाढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ते वयनींच्या पुढ्यात ठेवून शेजारच्या दगडावर बसले आणि त्यांचं जेवून होईपर्यंत उठले नाहीत.