खंडाचा दिवस संपेचना

आमच्या घरात एक सण होता जो कुठल्याच पंचांगात सापडला नसता. त्याचं नाव खंडाचा दिवस.

बायको सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर. रक्त-लघवी तपासायचं काम. अकरा महिन्यांचा आदेश निघायचा, तो संपला की एक दिवस खंड, आणि मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवशी सरकारच्या दृष्टीनं ती नोकरीत नसायचीच. सलग सेवा झाली तर माणूस उद्या कायम करा म्हणेल, म्हणून दरसाल हा धागा मधेच कापायचा. तिच्या बरोबरीच्या बायका त्या दिवशीही मुकाट जाऊन, सही न करता काम करायच्या. ही जायची नाही. "सरकार म्हणतंय मी नाय, तर मी नाय," म्हणायची आणि पांघरूण ओढून झोपायची.

हा दिवस दर खेपेला महिनाभर अलीकडे सरकायचा, पण गेली दोन-तीन वर्षं तो नेमका हुरड्याच्या दिवसांत यायचा. पिशोरहून मेहुणा कोवळी कणसं पाठवून द्यायचा. मुकुंदवाडीतल्या आमच्या गच्चीवर घमेल्यात गोवऱ्या पेटायच्या, हुरडा भाजायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. खाली स्टेशनात एखादी पॅसेंजर येऊन कंटाळल्यासारखी उभी राहायची. बायको केस मोकळे सोडून उन्हात बसायची, लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवायची, आणि मी बोटांना राख माखून सगळ्यांना वाढायचो. दरसाल होणारा अन्याय मी असा चटणी लावून खात होतो आणि वर म्हणत होतो, "काय मजा आली नाही?"

गेल्या हिवाळ्यात खंडाचा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंबाडा घातला, डबा भरला, आणि निघणार तेवढ्यात दवाखान्याच्या कारकुनाचा फोन आला.

"ताई, तुमची ऑर्डर नाय निघाली अजून. थांबा जरा. कळवतो."

ती डबा हातात घेऊन दारातच बसली. आम्ही तिघांनी मिळून तो डबा दुपारी खाल्ला. मग कळवतो म्हणणाऱ्यानं काही कळवलं नाही. कळलं ते बाहेरून. तिच्या खुर्चीवर दवाखान्याच्या साहेबांच्या नात्यातलं कुणीतरी बसलं होतं. जाहिरात नाही, मुलाखत नाही.

त्यानंतरचे आठवडे आठवायला गेलो की मला वार आठवत नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते. खंडाचा दिवसच जणू पसरत गेला होता, संपायचं नावच घेईना. ऊन फरशीवरून सरकत दिवाणापर्यंत यायचं, तिच्या पायांवर चढायचं, भिंतीवर जायचं. तिला सवयीच्या वेळी जाग यायची. अंबाडा घालायची आणि तशीच बसायची. चहाचा ग्लास तोंडाला लावण्याआधी खिडकीकडे धरायची, तिरका करायची, तळाशी काय साचलंय ते बघायची. मी विचारलं, "काय दिसतंय?"

"गाळ," ती म्हणाली. "गाळणी बदला."

मीही त्या दुपारीत विरघळलो होतो. एका कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. तिथं बसल्या बसल्या टेबलावरचे कागद पाण्यावर तरंगताहेत असं वाटायचं. घरी आलो की बायको घरात आहे, गरम पोळी आहे, दिव्याच्या उजेडात तिघं आहोत, याचं मनातल्या मनात सुख व्हायचं आणि लगेच त्या सुखाची लाज वाटायची. कारण तिला पोळ्या करायच्या नव्हत्या. तिला कामावर जायचं होतं.

शेवटी ती म्हणाली, "तक्रार करायची, वरच्या मोठ्या ऑफिसात. तुम्ही लिहा. तुमच्या घरात लई लिहिणारे झाले म्हणता ना?"

झाले खरे. आजोबा निजामाच्या कचेरीत मुन्शी होते, वडील तहसिलात अव्वल कारकून. अर्ज लिहिणं हे आमच्याकडे जवळजवळ सोवळ्यातलं काम. साहेबाला आधी बसायला पाट द्यायचा, पाणी विचारायचं, मग हळूच विषयाला हात घालायचा, ही आजोबांची रीत. मी आंघोळ करून बसलो. 'आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली प्रयोगशाळेचे कामकाज अत्यंत सुरळीत चालू असून' अशी सुरुवात केली. 'अर्जदारास सेवेची संधी दिल्याबद्दल अर्जदार आपली आजन्म ऋणी राहील' असं लिहिताना माझेच डोळे भरून आले. दुसऱ्या पानावर, तळाशी, 'तथापि सोयीचे वाटल्यास नियुक्ती आदेशाबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे वाक्य असं अलगद ठेवलं, की साहेबांची झोपमोड होऊ नये.

लेकीनं वाचलं. "बाबा, हे वाचून ते आईला नाही, तुम्हाला नोकरी देतील. सत्कार समितीत."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो. बायकोनं न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

वरच्या मोठ्या कार्यालयातून उत्तर आलं तेव्हा मीच हौसेनं मोठ्यानं वाचायला घेतलं. 'आपले अभिप्रायपत्र प्राप्त झाले. आपण व्यक्त केलेल्या समाधानाची नोंद घेण्यात आली असून, संबंधितांस अवगत करण्यात आले आहे.'

मग बायको हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता ते हसणं कधी संपलं आणि रडू कधी सुरू झालं, ते आम्हाला कळलंच नाही. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी त्या कागदाची घडी घालत होतो, उलगडत होतो, पुन्हा घालत होतो.

"म्हणजे मी त्याचे आभार मानले," ती डोळे पुसत म्हणाली. "माझी खुर्ची घेतली म्हणून आभार मानले मी त्याचे."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्या कार्यालयात गेली. आवक टेबलावरच्या माणसानं माझा अर्ज शोधून काढला, चष्मा कपाळावर सरकवला.

"काका, इसमें तक्रार किधर है?"

"दुसऱ्या पानावर. खाली."

"खाली कौन पढता काका? मेरेकु लगा थँक्यू लेटर है. खुश हो गया मैं. यहाँ कोई देता नहीं."

बायकोनं त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि टेबलाच्या कडेला उभ्या उभ्या लिहायला लागली. माझी नेमणूक का थांबवली? माझ्या जागी कोणाला, कोणत्या जाहिरातीनं घेतलं? दर अकरा महिन्यांनी खंड का देता? तिन्हीचं लेखी उत्तर द्या. वर ठळक अक्षरात तक्रार असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मी तिच्या खांद्यावरून वाकलो. "अगं, निदान नम्र विनंती तरी—"

"विनंती नाय. विचारतेय मी."

सुनावणीला बोलावलं तेव्हा समोर एक मॅडम होत्या. वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी कागद चाळले, दवाखान्याला फोन लावला, पलीकडचं ऐकत राहिल्या, आणि ठेवून म्हणाल्या, "जाहिरात नाहीच म्हणताहेत. ठीक आहे बाई, सोमवारी रुजू व्हा. मी सांगितलंय त्यांना. आता फार ताणू नका."

माझे हात आपोआप जोडले गेले. मी अर्धा उठलोही. "मॅडम, आपले फार फार—"

"अहो, बसा," बायको म्हणाली.

मी बसलो. ती मॅडमकडे वळली. "तोंडी मी लई ऐकलंय मॅडम. लेखी द्या."

"आज टायपिंगवाले रजेवर आहेत."

"मग बसते मी."

आणि बसली. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. शेजारी मी. समोर कडुनिंबाची पानं गळत होती, ती गळताना फार घाई करत नव्हती. पंखा फिरत होता की आम्हीच त्याच्याखाली फिरत होतो, असं वाटावं इतकी सुस्ती आली होती. माणसं फायली घेऊन यायची, जायची, आमच्याकडे बघायची आणि मग बघेनाशी व्हायची. मला डुलकी लागली. तीत आजोबा शेरवानीत येऊन बायकोला बसायला पाट देताना दिसले. जाग आली तेव्हा ती तशीच ताठ बसलेली होती. अंबाडासुद्धा ढळला नव्हता.

"घरी जायचं?" मी विचारलं.

"तुम्ही जा. कुकर लावा."

मी गेलो नाही. ऊन उतरत आलं तेव्हा मॅडमनी स्वतःच टाइप केलेला कागद बाहेर आणून दिला. बायकोनं तो उभ्यानं वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. सोमवारी रुजू. मुदत अकरा महिने. आणि खंडाबाबत वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवण्यात येत आहे.

"कामावर घेतलं," मी म्हणालो.

"व्हय, घेतलं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तिनं 'मार्गदर्शन' या शब्दावर बोट ठेवलं. "आता हे कधी येतंय, ते विचारायचं."

रविवारी दुपारी तिनं ते लिहून टाकलं. मला फक्त पाकीट चिकटवायला दिलं. सोमवारी सकाळी ते पाकीट डब्याच्या पिशवीत घालून ती निघाली. आधी आवक टेबल, मग दवाखाना. मी गच्चीवरून बघत होतो. धुकं अजून रुळांवर पडून होतं. ती पिशवी हलवत, झपझप त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. खालच्या शेजारणीनं हाक मारून विचारलं, "वहिनी कुठं निघाल्या एवढ्या सकाळी?"

"कामाला," मी म्हणालो.